पातेल्यात राहिलेलं अन्न

(गाडगेबाबांच्या पुण्यतिथीनिमित्तच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गाडगेबाबांच्या नावाच्या व्यासपीठावर भुकेबद्दल बोलायला निमित्त शोधावं लागत नाही. अडचण निराळीच येते. बाबा फुकटची भाकर खात नसत. गावात शिरले की आधी खराटा हातात घ्यायचा, कुणाचं अंगण झाडायचं, कुणाची लाकडं फोडायची आणि मग भाकर मागायची. रात्री कीर्तन. याच माणसाने पंढरपूरला, नाशिकला, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या, सदावर्तं चालवली, जत्रांमधून आंधळ्या-पांगळ्यांच्या पंगती उठवल्या. म्हणजे अन्न देणं आणि अन्न घेणं ही दोन्ही कामं त्यांनी जन्मभर केली, आणि घेण्याच्या कामात ते जास्त काटेकोर होते. आजचा माझा विषय आहे लग्नकार्यात, हॉटेलात, बाजारात राहून गेलेलं चांगलं अन्न गोळा करून उपाशी माणसापर्यंत पोचवण्याचा. तो मी घेणाऱ्याच्या बाजूने मांडणार आहे. देणाऱ्याची बाजू मांडणारे पुष्कळ आहेत, आणि ते फोटोही चांगले काढतात.

मी आयुष्यभर अन्नशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर शहरातल्या काही तरुण मुलामुलींबरोबर लग्नसराईत हिंडू लागले. त्यांच्याकडे दुचाक्या होत्या, माझ्याकडे थर्मामीटर होता. त्यामुळे मी जे सांगेन त्यात थोडं पुस्तकातलं आहे आणि बरंचसं मंगल कार्यालयांच्या मागच्या दारातलं.

आधी आकडे, कारण या विषयात ते फार सैल हाताने फेकले जातात. 'भारतात पिकतं त्यातलं ४० टक्के अन्न वाया जातं' हे वाक्य तुम्ही भाषणात, व्हॉट्सॲपवर, शाळेच्या भिंतीवरही वाचलं असेल. लुधियानाच्या सिफेट या केंद्रीय संशोधन संस्थेने देशभर मोजणी करून २०१५ साली जो अहवाल दिला, त्यात कापणीपासून बाजारापर्यंतचं नुकसान धान्यात साधारण साडेचार ते सहा टक्के, भाज्यांत साडेचार ते साडेबारा टक्के आणि फळांत पावणेसात ते सोळा टक्क्यांच्या आत आहे. सर्वांत जास्त नुकसान पेरूचं, भाज्यांत टोमॅटोचं. दुधाचं एक टक्काही नाही. आता यात घरातलं आणि हॉटेलातलं वाया जाणं धरलेलं नाही, हे खरं. पण ४० टक्क्यांची आरोळी ठोकली की शेतकरी, व्यापारी, आचारी, गृहिणी सगळे एकाच पोत्यात भरले जातात आणि नेमकं कुणी काय करायचं ते कुणालाच कळत नाही.

घरं, हॉटेलं आणि दुकानांतल्या नासाडीचा जगाचा हिशेब संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम काढतो. त्यांच्या २०२४ च्या अहवालात २०२२ सालचा आकडा १०५ कोटी टन आहे. त्यातलं ६० टक्के घरांतून, २८ टक्के हॉटेलं-खानावळी-केटरिंगमधून आणि उरलेलं १२ टक्के दुकानांतून जातं. भारतातल्या घरांसाठी त्यांनी माणशी वर्षाला ५५ किलोचा अंदाज धरला आहे, म्हणजे दिवसाला दीडशे ग्रॅम. हा आकडा ऐकून लगेच मान खाली घालू नका. त्यात कांद्याची टरफलं, केळीची सालं आणि आंब्याच्या कोयीही मोजल्या आहेत. कोय कुणाला द्यायची?

मला स्वतःला सर्वांत बोलका वाटतो तो बंगळूरचा आकडा. तिथल्या कृषी विद्यापीठाने २०१२ च्या सुमारास ५३१ मंगल कार्यालयांचा अभ्यास केला आणि सांगितलं की शहरात वर्षाकाठी ९४३ टन चांगलं शिजलेलं अन्न लग्नांत वाया जातं. वर्तमानपत्रांनी ९४३ टनांचा मथळा केला. पण त्याच अभ्यासात लग्नांची संख्या होती सुमारे ८५ हजार. भागाकार करून पाहा. एका लग्नामागे अकरा किलो येतात. पंचवीसेक माणसांचं एका वेळचं जेवण. हे सरासरीने, एखाद्या लग्नात काहीच राहत नाही, एखाद्यात शंभर किलो पुलाव पडून असतो. ९४३ टन ऐकलं की आपल्याला ट्रक, गोदामं, शीतगृहं दिसायला लागतात. अकरा किलो ऐकलं की दिसतो तो झाकणाचा एक डबा आणि एक स्कूटर. हे काम मुळात वस्तीपातळीवरचं आहे. शहराच्या एका टोकाचे अकरा किलो दुसऱ्या टोकाला न्यायला टेम्पो पाठवला तर डिझेलच अन्नापेक्षा महाग पडतं, आणि तोवर भात आंबतो ते वेगळंच.

लिस्बनमध्ये २०११ साली रीफूड नावाचं काम सुरू झालं ते सायकलवरून. एकच मोहल्ला, त्यातल्या खानावळी, त्यातलीच गरजू घरं. ते पाहून आलेल्या नील घोष यांनी मित्रांबरोबर २०१४ साली दिल्लीत रॉबिन हूड आर्मी सुरू केली. त्यांचा एक नियम मला फार आवडतो: पैसे घ्यायचेच नाहीत. वेळ द्या, अन्न द्या, गाडी द्या. देणगीची पावती मिळणार नाही. पैसा आला की कार्यालय येतं, कार्यालय आलं की अहवाल येतो, आणि अहवालात जेवणांचा आकडा दरवर्षी वाढावाच लागतो. या शेवटच्या गोष्टीकडे मी परत येणार आहे.

आता मागच्या दारात जाऊ. अन्न का उरतं?

माजोरीपणामुळे, असं आपण सरसकट म्हणतो. मला तसं दिसलेलं नाही. अन्न उरतं ते भीतीमुळे. मुलीच्या बापाने चारशे पानं सांगितलेली असतात. केटररला ठाऊक असतं की चारशे म्हणजे साडेतीनशेही येतील आणि साडेचारशेही. जेवण कमी पडलं तर व्याह्यांच्या देखत जी शोभा होते, ती त्या घराला वीस वर्षं ऐकून घ्यावी लागते. केटररचं तर त्या कार्यालयातलं नावच जातं. उरलं तर कुणी काही म्हणत नाही. मग तांदूळ घालताना आचाऱ्याचा हात आपोआप सैल पडतो. यात कुणीही वाईट माणूस नाही, तरीही रात्री टोप भरलेला राहतो.

दुसरी गोष्ट जेवणाच्या पद्धतीची. पंगत होती तेव्हा वाढपी वाढायचा, आग्रह व्हायचा, पानात टाकलंही जायचं. पण पातेलं आत असायचं, झाकलेलं असायचं, आणि शेवटची पंगत उठली की आत काय राहिलंय ते स्वच्छ राहिलेलं असायचं. बुफेमध्ये सगळंच बाहेर मांडावं लागतं. तीन-तीन तास काउंटरवर उघडं, खाली कधी विझलेली मेणाची डबी, वरून शंभर माणसांचे हात आणि चमचे. रांगेत पुन्हा उभं राहायला नको म्हणून लोक एकदाच डोंगर वाढून घेतात. म्हणजे बुफेत जे उरतं ते दोन जागी उरतं: ताटात आणि काउंटरवर. यातलं ताटातलं तर कुणाला देण्याचा प्रश्नच नाही. काउंटरवरचंही आम्ही घेत नाही. आम्ही फक्त मागच्या मुदपाकखान्यातल्या पातेल्यातलं घेतो, ज्यात झाऱ्याशिवाय काही बुडालेलं नाही. यजमान कधी कधी रागावतात. 'एवढी पनीरची भाजी बाहेर आहे, ती नको आणि साधा भात हवा?' हो, साधा भात हवा.

आणि तो भातही घड्याळ बघून. इथे मला पाच मिनिटं माझ्या विषयात जाऊ द्या.

तांदळावर बॅसिलस सेरेस नावाचा जिवाणू असतो. भात शिजवला की जिवाणू मरतो, पण त्याची बीजाणू-रूपं शिल्लक राहतात. भात कोमट राहिला की ती जागी होतात, वाढतात आणि विष तयार करतात. हे विष उकळूनही जात नाही. खवा, पनीर, क्रीम यांत दुसरा एक, स्टॅफिलोकोकस, तो माणसाच्या हातावरून, नाकातून उतरतो आणि त्याचंही विष उष्णतेला दाद देत नाही. म्हणून 'चांगली उकळी काढली की झालं' हा आपल्याकडचा सर्वमान्य उपाय निम्माच खरा आहे. उकळीने जिवाणू मरतील; त्यांनी करून ठेवलेलं विष राहील. जागतिक आरोग्य संघटनेचा नियम सोपा आहे: शिजलेलं अन्न साठ अंशांच्या वर गरम ठेवा, नाहीतर पाच अंशांच्या खाली गार, मधल्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त नको. मे महिन्यात अकोल्याला सावलीतला पारा पंचेचाळीसला जातो. तिथे हे दोन तासही मला जास्त वाटतात.

त्यामुळे काय उचलायचं याची यादी आमच्या मुलांना पाठ आहे. वरण, भात, पुऱ्या, सुकी भाजी, बुंदी, जिलेबी घ्यायची. मठ्ठा, कोशिंबीर, दहीवडा, ओल्या खोबऱ्याची चटणी, कापलेली फळं, रसमलाई सोडायची. दुपारच्या लग्नाला प्राधान्य द्यायचं, कारण दोन वाजता उचललेलं अन्न तीनला खाल्लं जातं. रात्रीच्या स्वागत समारंभाचा फोन साडेअकराला येतो. तेव्हा उपाशी माणूस झोपलेला असतो, आणि त्याला उठवून पुलाव खाऊ घालण्यात पुलावाचीच सोय जास्त असते. असे फोन आता आम्ही नम्रपणे नाकारतो. आणखी एक गोष्ट लोकांना विचित्र वाटते. मोठ्या रुग्णालयांबाहेर नातेवाईकांची फार आबाळ होते, म्हणून तिथे आम्ही जातो. पण रुग्णाला, विशेषतः कर्करोगाचे उपचार चालू असलेल्याला, हे अन्न देत नाही. त्याची प्रतिकारशक्ती खालावलेली असते. त्याच्यासाठी ताजंच शिजवायला हवं. दादरला गाडगेबाबांच्या नावाने धर्मशाळा चालते, टाटा रुग्णालयातल्या रुग्णांसाठी. तिथे दुरून आलेल्यांना डोक्यावर छप्पर मिळतं. उरलेला पुलाव घेऊन तिथे पोचणं हा त्या नावाचा सन्मान ठरणार नाही.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, २०१९ साली अतिरिक्त अन्न गोळा करून वाटण्याचे नियम केले आणि १ जुलै २०२० पासून ते लागू झाले. देणाऱ्याने काय पाहायचं, वाटणाऱ्याने स्वच्छता कशी ठेवायची, काय लिहून ठेवायचं, हे त्यात आहे. आमच्यासारखे कितीतरी गट हे नियम न वाचताच उत्साहाने काम करतात. उत्साहाने विषबाधा टळत नाही. अमेरिकेत १९९६ साली कायदा झाला की सद्हेतूने, घोर निष्काळजीपणा न करता अन्न दिलं तर दात्यावर दावा चालणार नाही. फ्रान्समध्ये तर याच्या उलट टोकाची परिस्थिती होती. मोठी दुकानं मुदत संपत आलेला माल फेकताना त्यावर ब्लीच ओतत, कचऱ्यातून कुणी उचलू नये म्हणून. २०१६ च्या कायद्याने ते बंद केलं, आणि चारशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना सेवाभावी संस्थांशी करार करणं भाग पाडलं. आपल्याकडे ब्लीच ओतायची गरज पडली नाही. आपल्याकडे घेणाऱ्याला दूर ठेवायची दुसरी व्यवस्था होती.

तिच्याबद्दल बोलल्याशिवाय या विषयावर महाराष्ट्रात बोलता येत नाही, आणि तरीही बहुतेक लोक बोलतात. उरलेलं अन्न कुणी खायचं, हे आपल्या गावगाड्याने शेकडो वर्षं ठरवून ठेवलं होतं. येसकराची पाळी ज्या महार घराकडे असेल, त्याने गावकीची सगळी कामं करायची आणि संध्याकाळी दारोदार भाकरी मागून आणायच्या. वरून टाकलेल्या, बऱ्याचदा शिळ्या. दया पवारांचं 'बलुतं' हे आत्मकथन १९७८ साली आलं तेव्हा शहरी मराठी वाचकाला हे नव्याने कळलं, असं म्हणतात. मला वाटतं, त्याला ते आधीपासून ठाऊक होतं, फक्त छापलेलं पाहिलं नव्हतं. ओमप्रकाश वाल्मीकींच्या 'जूठन' या आत्मकथनात तर प्रसंग लग्नाचाच आहे. लग्नातल्या उष्ट्या पत्रावळींनी भरलेली टोपली घेतलेली आई मुलांसाठी थोडं चांगलं अन्न मागते. यजमान तिला त्या टोपलीकडे बोट दाखवून, पायरीने राहा, असं सुनावतो. ती टोपली तिथेच उलटी करून ती निघून येते, आणि त्या दारात पुन्हा जात नाही. महाडला १९२७ च्या मार्चमध्ये चवदार तळ्याचं पाणी पिण्याआधी जी परिषद झाली, तीत बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराच्या मांसाबरोबर गावकीचे शिळे तुकडेही सोडायला सांगितलं होतं. तळ्याचं सगळ्यांच्या लक्षात राहिलं. तुकडे नाकारण्याचा ठराव मात्र पाणी पिण्याइतकाच मोठा होता, कारण तो रोज संध्याकाळी, पोटात भूक असताना पाळायचा होता.

हे माहीत असलेल्या माणसाने डबा उचलताना शंभर वेळा विचार करावा. ज्या वस्तीत आपण 'अन्नदान' करायला जातो, तिथल्या आजीने तिच्या सासूकडून हे सगळं ऐकलेलं असतं. तिने आपलं अन्न नाकारलं तर ती 'नखरे' करत नसते. मुलं सुरुवातीला चिडायची: इतक्या लांबून आणलं आणि घेत नाहीत! एकदा एका बांधकामावरच्या बिगारी बाईने जिलेबीकडे बघितलंही नाही आणि विचारलं, भाकरी आहे का? आमच्याकडे नव्हती. ती तिच्या चुलीकडे परत गेली. मला त्या दिवशी वाटलं, हे जमलं. कारण ती नाही म्हणू शकली. जिथे माणूस नाही म्हणूच शकत नाही, तिथे आपण जे वाटतो ते अन्न आहे की नुसतीच विल्हेवाट, हे आपल्यालाच कळत नाही.

म्हणून आमच्यात दोन सवयी पडल्या आहेत. त्यांना नियम म्हणण्याइतक्या त्या मोठ्या नाहीत. एक, आणलेल्या डब्यातलं आम्ही स्वतः जेवतो, तिथेच, त्यांच्याबरोबर बसून. जे आपल्याला खावंसं वाटणार नाही ते उचललंच जात नाही. थर्मामीटरपेक्षा ही परीक्षा कडक ठरते. दोन, फोटो काढायचे नाहीत. यामुळे आम्हाला पुरस्कार मिळत नाहीत, पण बसायला जागा मिळते. नांदेडला हुजूर साहिबच्या लंगरमध्ये गेलेल्यांना मी काय म्हणतेय ते लगेच कळेल. तिथे देणारा आणि जेवणारा एकाच पंगतीत, एकाच जमिनीवर बसतो, आणि कुणी कुणाचा आभारी नसतो. लंगर हे उरलेल्याचं वाटप नव्हे, तिथे ताजं शिजतं. मी म्हणतेय ते बसण्याबद्दल.

आपल्या शेतीतही अशी एक रीत होती, आणि ती उष्ट्या तुकड्यांच्या रीतीपेक्षा कितीतरी सभ्य होती. सुगीत ज्वारी काढून झाली की रानात राहिलेली कणसं, भुईमूग उपटल्यावर मातीत राहिलेल्या शेंगा, हा सरवा. तो वेचायला गरीब बायका-पोरं यायची. चांगला शेतकरी त्या वेळी बांधावर उभा राहून पाहत नसे. वेचणाऱ्याने वाकून, स्वतःच्या कष्टाने, हवं तेवढं वेचायचं. हात पसरून काही घ्यायचं नाही की खाली बघायचं नाही. यात जात नव्हती, असं मी म्हणणार नाही, ती कुठे नव्हती? पण घेणाऱ्याच्या हाताला त्यात काम होतं, आणि कामाला मान होता. गाडगेबाबांचा खराटा याच जातीचा.

आजच्या सरव्याचं काय झालं ते टोमॅटोत दिसतं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये नाशिक आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले. भाव किलोला दोन-तीन रुपयांवर आला होता. बातम्या पाहून शहरातल्या सज्जनांनी विचारलं, फेकता कशाला, गरिबांना का देत नाही? सरळ हिशेब आहे. वीस किलोची जाळी चाळीस-साठ रुपयांना जाणार. तिच्यासाठी तोडणीची मजुरी, भाडं, हमाली, तोलाई द्यायची. फुकट द्यायचं तरी तोडणी आणि भाडं सुटत नाही. म्हणजे फुकट देणं हे विकण्यापेक्षा महाग. इथे अन्न वाचवायचं असेल तर दुचाकीवरची पोरं उपयोगाची नाहीत. तोडणीची मजुरी आणि ट्रकचं भाडं कुणीतरी भरावं लागेल, आणि ते 'कुणीतरी' माझ्या मते सरकारच असायला हवं. वसतिगृहं आहेत, आश्रमशाळा आहेत, शालेय पोषण आहार शिजवणारे बचतगट आहेत. टोमॅटो भाव पडल्यावर चार दिवसांत नासतो, आणि निविदेला चार महिने लागतात. पण तो टोमॅटोचा दोष नाही.

आता यातली सर्वांत अवघड गोष्ट. हे काम भूक घालवू शकत नाही.

अमेरिकेत फीनिक्स शहरात १९६७ साली जॉन व्हॅन हेंगेल या गृहस्थांनी जगातली पहिली अन्नपेढी काढली. दुकानाच्या कचऱ्यातून मुलांसाठी अन्न वेचणाऱ्या एका आईने त्यांना सुचवलं होतं की पैशांसारखी अन्नाचीही बँक असावी. उत्तम कल्पना होती. सगळ्या देशात पसरली. आज साठेक वर्षांनी तिथे अन्नपेढ्यांची प्रचंड यंत्रणा उभी आहे आणि त्यांच्यासमोरच्या रांगाही उभ्याच आहेत. जॅनेट पॉपेनडीक या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९९८ साली 'स्वीट चॅरिटी?' या पुस्तकात याचा माग काढला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की अशा कामाने सुखवस्तू माणसाचं मन शांत होतं, आणि मन शांत झालेला माणूस सरकारकडे हक्कासाठी भांडत नाही. मला हे पूर्ण पटत नाही. आमच्यातली दोन मुलं या कामातूनच रेशनकार्डाच्या भानगडीत शिरली आणि आता तहसील कचेरीत त्यांना सगळे घाबरून असतात. पण बाईंचा इशारा खोटा नाही.

आपल्याकडच्या भुकेचा नकाशा लग्नांच्या नकाशाशी जुळतच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ च्या, महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने रोडावलेली आढळली. ही भूक मेळघाटात आहे, नंदुरबारच्या पाड्यांवर आहे, ऊसतोडीच्या कोप्यांत आहे. पुण्यातल्या शनिवारच्या स्वागत समारंभातली जिलेबी तिथे पोचणार नाही, आणि पोचली तरी त्या पोरांना लागतात अंडी, डाळी, दूध, तेल, तेही रोज. अतिरिक्त अन्न येतं मुहूर्ताप्रमाणे. पोट मुहूर्त पाहत नाही. २०२० च्या टाळेबंदीत हे उघडं पडलं. लग्नं बंद, हॉटेलं बंद, म्हणजे उरलेलं अन्न शून्य. आणि रस्त्यावर बायकापोरांसह चालत निघालेली माणसं कधी नव्हती इतकी. त्या दिवसांत मुंबईत 'खाना चाहिये'सारख्या गटांनी ताजं शिजवूनच वाटलं, कितीक ठिकाणी शिधा वाटला गेला. ज्या दिवशी गरज सर्वांत जास्त, त्या दिवशी हा झरा आटलेला. म्हणून २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळेत शिजलेलं अन्न देण्याचा जो आदेश दिला, आणि पुढे २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आला, त्यांची जागा आमचे डबे घेऊ शकत नाहीत. कुणी तसं सुचवलं तर त्याच्यापासून सावध राहा.

मग करायचं कशाला? करायचं, कारण ते अन्न चांगलं आहे आणि माणूस भुकेला आहे. दोघं एकाच गल्लीत आहेत. छत्रपती संभाजीनगरला २०१५ साली रोटी बँक सुरू झाली. तिथे लोक घरात स्वयंपाक होतानाच दोन पोळ्या नि भाजी जास्त करून आणून देऊ लागले. यातला फरक लक्षात घ्या. जेवून झाल्यावर राहिलेलं नव्हे, जेवायच्या आधी बाजूला काढलेलं. घेणाऱ्याच्या दृष्टीने या दोन घासांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. लग्नघरीही हे करता येईल. अक्षता पडायच्या आधी, टोप पूर्ण असताना, पन्नास पानांचं काढून पाठवा. ते ताजं असेल, गरम असेल, दुपारी बाराला पोचेल, आणि यजमानाला उरण्याची वाट बघावी लागणार नाही. आम्ही हे अनेकांना सुचवलं आहे. बहुतेक म्हणतात, 'आणि कमी पडलं तर?' पुन्हा तीच भीती.

त्या भीतीवरचा इलाज मला वहीत सापडला. मघाशी मी अहवालांबद्दल म्हटलं. अशा संस्था दरवर्षी अभिमानाने सांगतात: यंदा इतके लाख जेवणं वाचवली, गेल्या वर्षीपेक्षा दुप्पट. मला यात अभिमान कसला ते कळत नाही. दुप्पट वाचवलं म्हणजे दुप्पट उरलं. आम्ही वही ठेवतो ती उलट्या बाजूने. कार्यालय कोणतं, पानं किती सांगितली, प्रत्यक्षात किती उठली, तांदूळ किती घातले, पातेल्यात भात किती राहिला. लग्नामागून लग्न हे लिहिलं की दिसायला लागतं: अमुक महिन्यात, अमुक समाजात, अमुक कार्यालयात सांगितलेल्या पानांपैकी किती येतात, गुरुवारचं लग्न आणि रविवारचं लग्न यांत किती फरक पडतो, दोन भाज्या असल्या की तिसरी कशी तशीच राहते. एका केटररला आम्ही त्याच्याच कार्यांची पानं काढून दाखवली. तो बराच वेळ बघत बसला, मग म्हणाला, 'बाई, हे धंद्याचं गुपित तुमच्याकडे कसं?' पुढच्या हंगामात त्याने भाताचं माप कमी केलं. त्याच्याकडून येणारे फोन निम्म्यावर आले, आणि आमच्या मुलांना वाटलं, तो रुसला.

माझी या शहरातल्या कार्यालयमालकांना एक विनंती आहे. बुकिंगच्या फॉर्मवर दोन रकाने वाढवा: सांगितलेली पानं आणि जेवलेली पानं. पुढच्या वर्षी नवा यजमान आला की त्याला मागच्या पन्नास लग्नांचे आकडे दाखवा. व्याह्यांची भीती भाषणांनी जात नाही, पण छापील कागदाला मुलीचा बाप ऐकतो, हे मी पाहिलं आहे. पुढच्या रांगेत मला दोन-तीन केटरर मंडळी दिसताहेत. भाषणानंतर चहा आहे. पाचशे पानांना तुम्ही तांदूळ किती घालता ते मला सांगा, मी आमच्या वहीतला आकडा सांगते. दोन्ही जुळले नाहीत तर कुणाचा चुकतोय ते आपण तिथेच बघू.